डोळ्यांचा सातबारा

नागपूर-तुळजापूर महामार्गाने आर्णी सोडून उमरखेडकडे निघाले की मध्ये महागाव लागते. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा, नदीकाठी उसाचा. पूस नदी याच तालुक्यात हिवरा संगमला पैनगंगेला मिळते आणि पैनगंगेपलीकडे मराठवाडा सुरू होतो. इथल्या एखाद्या खेड्यातल्या किंवा तांड्यावरच्या आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तर घरच्यांपुढे वाटा बऱ्याच असतात. पुसदचे उपजिल्हा रुग्णालय आहे, यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्ध्याकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, खाली नांदेडचे दवाखाने आहेत, आणि कधी गावातच शिबिराची गाडी येते. आजी यांपैकी कुठेही गेली तरी तिथल्या रजिस्टरात एक ओळ वाढते आणि वर्षअखेरीच्या अहवालात एक शस्त्रक्रिया जमा होते. पण शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने तिला किती दिसत होते, दुसऱ्या डोळ्याचे काय झाले, आणि तिच्याच गल्लीत न दिसणारे आणखी कोण राहिले, याची उत्तरे एका जागी मिळत नाहीत. नेत्रसेवेत आज सर्वांत मोठी उणीव इथे आहे असे मला वाटते. आपण शस्त्रक्रिया मोजतो, दृष्टी मोजत नाही. माणूसवार, डोळावार आणि वर्षानुवर्षे चालणारी रुग्णनोंदणी, जिला वैद्यकात रजिस्ट्री म्हणतात, ती उभी केल्याशिवाय पुढचे अंधत्व हटणार नाही.

शस्त्रक्रिया मोजण्याला मी नावे ठेवत नाही. १९७६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत चालला, त्यात महाराष्ट्र होता. जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्ट मिळाले, कृत्रिम भिंग बसवणे रुळले, जाड भिंगाचे चष्मे घालून चाचपडणारी पिढी मागे पडली. २०२२-२३ या एका वर्षात देशात ८३ लाखांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया झाल्याची सरकारी नोंद आहे. हे काम थोर आहे आणि उद्दिष्टाचा आकडा डोक्यावर नसता तर ते झाले नसते. मात्र याच काळातले दुसरे आकडे पाहिले पाहिजेत. दिल्लीच्या एम्समधील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने २०१५ ते २०१९ दरम्यान देशातल्या ३१ जिल्ह्यांत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांचे डोळे तपासले. त्यांपैकी जवळपास २ टक्के लोक अंध होते, म्हणजे चांगल्या डोळ्यानेही त्यांना तीन मीटरवरची बोटे मोजता येत नव्हती. अंधत्वाच्या कारणांत शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू ६६.२ टक्के, बुबुळावर पडलेले फूल ८.२ टक्के, आणि तिसऱ्या क्रमांकावर, ७.२ टक्के, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेली गुंतागुंत. हे शेवटचे कारण काचबिंदूपेक्षाही वर आहे. शंभर अंधांतल्या सहासष्टांपर्यंत आपण पोचलोच नाही, आणि सात जणांपर्यंत पोचूनही त्यांना दृष्टी देऊ शकलो नाही. वार्षिक अहवालात मात्र पहिले सहासष्ट कुठेच दिसत नाहीत आणि हे सात जण यशाच्या रकान्यात बसलेले असतात.

असे का होते, ते समजणे अवघड नाही. उद्दिष्ट डोळ्यांचे असते, माणसांचे नसते. ज्याचा एक डोळा ठीक आहे, जो रस्त्याकडेच्या गावात राहतो, ज्याला मोटारसायकलवरून घेऊन जाणारा मुलगा आहे, त्याच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या झालेल्या, एकट्या राहणाऱ्या विधवेच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया अहवालात सारखीच भरते. त्यातला पहिला माणूस गाठायला सोपा, म्हणून आकडा त्याच्यावरच पुरा होतो. स्त्रिया, तांड्यांवरचे आणि आदिवासी पोडांवरचे वृद्ध, कामासाठी घरदार घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबांत मागे राहिलेले म्हातारे हे सगळे शेवटी उरतात. कुणी मुद्दाम वगळत नाही, मोजण्याच्या रीतीतच ती वगळणूक भरून राहिली आहे.

आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत ही चूक होत नाही. सातबाऱ्यावर गटनंबर कायम असतो, मालक बदलला की फेरफार पडतो, कर्जाचा बोजा चढला की इतर हक्कात नोंद होते, आणि कुणीही कधीही उतारा काढून आजची स्थिती पाहू शकतो. तलाठ्याने किती फेरफार केले यावरून जमिनीची स्थिती ठरत नाही. डोळ्यांची रजिस्ट्री म्हणजे अशीच नोंद: माणूस कायम, आणि त्याच्या प्रत्येक डोळ्यापुढे तपासणीची तारीख, दृष्टी, निदान, उपचार, उपचारानंतरची दृष्टी. ही कल्पना आपल्या कार्यक्रमाला नवी नाही. गावनिहाय अंध नोंदवह्या तयार करण्याची सूचना राष्ट्रीय कार्यक्रमात जुनीच आहे. पण अशी यादी शिबिराआधी माणसे गोळा करण्यासाठी केली जाते आणि शिबिर संपले की तिचे आयुष्य संपते. फेरफार न पडणारा सातबारा दोन वर्षांत निरुपयोगी होतो, तसेच या यादीचे होते.

सर्वेक्षण करावे, त्यावरून अंदाज बांधावा, मग वेगळी नोंदणी कशाला, असा प्रश्न येईल. सर्वेक्षणाचे मोल विदर्भाला ठाऊक आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील हायडेलबर्गचे डॉ. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ मध्ये नागपूरजवळच्या आठ खेड्यांतल्या तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे बारकाईने तपासले, आणि मध्य भारतातल्या ग्रामीण डोळ्यांविषयी जगाला आज जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग या अभ्यासातून आला. पण सर्वेक्षण एका काळाचे चित्र देते. गेल्या मंगळवारच्या शस्त्रक्रियांचे काय झाले, हे ते सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी रोज चालणारी नोंद लागते, आणि अशी नोंद नेमके काय करू शकते, हे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दाखवले आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत पू धरणारा जंतुसंसर्ग हा सर्वांत भयंकर उपद्रव. तो झाला तर बहुधा डोळा जातो. सुदैवाने तो विरळा आहे, आणि विरळा असण्यातच अडचण आहे. दहा हजारांत सात, या प्रमाणात तो होत असेल आणि एखादा शल्यचिकित्सक वर्षाला हजार शस्त्रक्रिया करत असेल, तर त्याच्या वाट्याला वर्षभरात एखादा रुग्ण येईल किंवा येणारही नाही. एका वर्षी दोन आले तर तो नशिबाला दोष देईल, पुढच्या वर्षी एकही नाही तर आपली पद्धत उत्तम असे समजेल. स्वतःच्या अनुभवावरून त्याला काहीच शिकता येत नाही, कितीही निष्णात असला तरी. १९७६ मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी स्थापन केलेल्या अरविंदमध्ये प्रत्येक शस्त्रक्रियेची आणि तिच्या परिणामाची नोंद ठेवण्याची शिस्त आहे. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यातच मॉक्सिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा थेंबभर डोस सोडायचा, अशी पद्धत तिथे सुरू झाली. सलग वीस लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी पडताळल्यावर दिसले की या डोसाशिवाय संसर्गाचे प्रमाण दहा हजारांत सात होते, डोस दिल्यावर ते दोन झाले. असाच फरक वर्षाला ८३ लाख शस्त्रक्रियांत पडतो असे धरले, तर चार हजारांहून अधिक डोळे दरवर्षी वाचतील. स्वीडनमध्ये १९९२ पासून मोतीबिंदूची राष्ट्रीय रजिस्ट्री आहे. डोळ्यात सेफुरोक्झिम हे प्रतिजैविक सोडण्याची तिथली पद्धत पुढे युरोपातल्या नऊ देशांच्या चाचणीत तपासली गेली आणि संसर्गाचा धोका सुमारे पाचपटीने घटल्याचे दिसले. हे शहाणपण एका डॉक्टरच्या डोळ्यांना दिसण्याजोगे नव्हते, ते हजारो नोंदींच्या बेरजेतच दिसले.

यवतमाळला लागून असलेल्या वाशिमला ऑक्टोबर २०१५ मध्ये जे घडले, ते या संदर्भात आठवणे भाग आहे. जिल्हा रुग्णालयातल्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांनंतर रुग्णांच्या डोळ्यांत संसर्ग झाला, त्यांना थेट मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हलवावे लागले, आणि अनेकांची त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. अशा घटनेनंतर चौकशी होते, माणसे निलंबित होतात. पण टेबलावरच्या शेवटच्या रुग्णापर्यंतची नोंद रोजच्या रोज एका जागी येत असेल, दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत लालसर, दुखरा डोळा असलेला पहिला रुग्ण दिसताच त्याच दिवशीच्या बाकीच्या सगळ्यांना बोलावले जात असेल आणि दुसरा तसा रुग्ण दिसताच शस्त्रक्रियागृह बंद होत असेल, तर हानी कमी होण्याला वाव असतो. गाव सोडून दूरवर शस्त्रक्रिया करून परतलेल्या माणसाचा डोळा तिसऱ्या दिवशी दुखू लागला तर तो गावच्या डॉक्टरकडे जातो, आणि ही खबर शस्त्रक्रिया करणाऱ्यापर्यंत पोचायला आज ठरलेली वाट नाही. ती वाट म्हणजे रजिस्ट्री.

महागावसारख्या तालुक्यात मोतीबिंदूखेरीज बुबुळाचा प्रश्न मोठा आहे, कारण इथला डोळा शेतात काम करतो. तुरीचे धसकट, उसाचे पान, मळणीचे भूस डोळ्यात जाते, बुबुळावर बारीक ओरखडा उठतो, दोन दिवस घरगुती उपाय होतात, मग जखम चिघळते आणि फूल पडते. नेपाळमधल्या भक्तपूरला गावपातळीच्या आरोग्यसेवकांनी अशा ओरखड्यांची नोंद ठेवली आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले त्यांच्यातल्या एकाच्याही बुबुळावर व्रण झाला नाही. जे एक ते दोन दिवस उशिरा आले, त्यांच्यात चारांमागे एकाहून अधिक जणांना झाला. इथे नोंदवहीतला एक साधा रकाना, 'इजा कधी झाली', निर्णायक ठरला. हेच २०१७ च्या फवारणीबद्दल म्हणता येईल. त्या वर्षी जुलैपासून यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. या विषाने बाहुली आकसते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणजे डोळा इथे सुरुवातीलाच इशारा देतो. रुग्ण आठवड्यामागून आठवडे येत होते, तरी विशेष तपास पथक नेमले जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. वेगवेगळ्या केंद्रांतल्या तुटक नोंदी एकत्र येऊन दर आठवड्याला कुणी वाचत असते, तर ही चढती रेघ जुलै-ऑगस्टमध्येच दिसली असती.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत न्याय्य आक्षेप आशाताईंचा आणि परिचारिकांचा असेल. त्यांच्यावर आधीच गरोदर मातांपासून क्षयरोगापर्यंत नोंदींचा डोंगर आहे, आता डोळ्यांचीही वही कशाला? हा आक्षेप मान्य करूनच रजिस्ट्रीची आखणी करावी लागेल. आशाताईंनी फक्त एक गोष्ट करावी, पन्नाशीपुढच्या माणसाला तीन मीटरवरून प्रत्येक डोळ्याने बोटे मोजायला लावून 'दिसते' किंवा 'दिसत नाही' एवढे टिपावे, आणि त्याचा वेगळा मोबदला घ्यावा. बाकी सगळे नेत्रचिकित्सा अधिकारी आणि रुग्णालयांचे काम. रजिस्ट्री मरते ती रकाने वाढल्याने. ज्याचा उपयोग वर्षभरात कुणी करणार नाही असा रकाना छापूच नये, एवढा नियम कडकपणे पाळला तरी पुरे.

खेड्यात असे जमते का, अशी शंका असणाऱ्यांसाठी बार्शी आहे. १९८७ मध्ये बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते फिरत, नोंद करत आणि त्याच फेरीत लोकांशी बोलत. या बोलण्याचा परिणाम असा झाला की बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या आधीच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ महिलांवरच्या चाचणीत, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात असे २००९ मध्ये सिद्ध झाले. आजार आणि मृत्यू यांची विश्वासार्ह नोंद त्या भागात रुजली नसती, तर असे उत्तर मिळणे शक्य नव्हते. त्या चाचणीत एका गटाला तपासणीच दिली गेली नाही, यावर पुढे टीका झाली, आणि ती टीका योग्य होती. नोंदणी करणाऱ्याने लोकांकडून माहिती घ्यावी आणि उपचार मात्र टाळावा, असे कधीही होता कामा नये. ज्याच्या नावापुढे 'दिसत नाही' लिहिले, त्याला पुढची तारीख दिल्याशिवाय ती ओळ पुरी झाली असे धरू नये.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: रुग्ण शस्त्रक्रियेनंतर परत येतच नाहीत, मग परिणाम मोजायचा कसा? आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या ४० केंद्रांतल्या अभ्यासाने २०१३ मध्ये याला दिलासा देणारे उत्तर दिले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत मोजलेल्या दृष्टीवरून त्या केंद्राची गुणवत्ता बऱ्यापैकी कळते. म्हणजे घरी सोडण्यापूर्वी प्रत्येकाची दृष्टी न चुकता लिहिली, तरी सुरुवात भक्कम होते. याहून नाजूक भीती अशी की, परिणाम मोजले जाऊ लागले तर शल्यचिकित्सक पिकलेले, पांढरे झालेले, अवघड मोतीबिंदू टाळतील आणि सोपे रुग्ण घेतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीची दृष्टी आणि डोळ्यातले इतर आजार नोंदीत हवेत, म्हणजे अवघड डोळ्याला दृष्टी देणाऱ्याचे श्रेय त्याला मिळेल. आणि रजिस्ट्रीतले आकडे अनुदानाला किंवा बदलीला जोडू नयेत. ज्या दिवशी ते जोडले जातील, त्या दिवसापासून खरे आकडे यायचे थांबतील. डॉक्टरला त्याचे स्वतःचे आकडे आणि जिल्ह्याची सरासरी शेजारी शेजारी दिसावी, एवढ्याने बहुतेकांच्या हातात फरक पडतो, कारण आपला रुग्ण आंधळा व्हावा असे कुणालाच वाटत नाही.

खासगीपणाचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो कंपन्यांपुरता नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा कंपन्यांना आणि सरकारला बांधील, पण गावात माहिती फुटते ती शेजाऱ्याकडे. एखाद्या घराण्यात रातांधळेपणा आनुवंशिक आहे हे कळले तर त्या घरच्या मुलींची लग्ने अडतात. वाहनचालकाला काचबिंदू असल्याचे कळले तर रोजी जाते. म्हणून नावे आणि आजार एकाच वहीत सगळ्यांपुढे उघडे पडता कामा नयेत. आशाताईंच्या यादीत फक्त नाव आणि दिसते की नाही एवढेच असावे, निदान रुग्णालयाच्या कुलूपबंद नोंदीत असावे आणि विश्लेषणासाठी जाणाऱ्या माहितीतून नाव काढलेले असावे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी आभा क्रमांक जोडणीसाठी उपयोगी आहे, पण तो नाही म्हणून कुणाची नोंद किंवा उपचार अडवू नये. नकार देण्याचा हक्क कागदावर नव्हे, तर तोंडी, मराठीत आणि तांड्यावरच्या गोरमाटी बोलीतही समजावून सांगितला पाहिजे.

आणि पैशांचे? हाच पैसा आणखी शस्त्रक्रियांवर खर्च करावा, असे म्हणणारे चांगल्या हेतूने म्हणतात. पण मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० साठी जे उद्दिष्ट ठरवले, ते केवळ शस्त्रक्रियांचे नाही. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज होती त्यांतल्या किती जणांना ती मिळून खरोखर चांगली दृष्टी आली, हे प्रमाण ३० टक्केबिंदूंनी वाढवायचे आहे. नोंद नसेल तर हे प्रमाण काढताच येत नाही. मधुमेहाने पडद्यावर होणाऱ्या आजाराच्या बाबतीत तर नोंद हाच अर्धा उपचार आहे, कारण त्रास जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो आणि निरोगी वाटणाऱ्या माणसाला दरवर्षी बोलवावे लागते. इंग्लंडने २००३ पासून मधुमेहींच्या याद्या करून त्यांना दरवर्षी तपासणीला बोलावणे सुरू केले. २००९-१० च्या अंधत्वाच्या दाखल्यांची आधीच्या दशकाशी तुलना केली तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये मधुमेहजन्य नेत्रविकार हे कमावत्या वयातल्या अंधत्वाचे पहिले कारण उरले नव्हते, आणि निदान पन्नास वर्षांत असे प्रथमच घडले होते. हा बदल कळला तोही दाखल्यांची नोंद होती म्हणून.

महागावात हे कसे बसवावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नोंद रुग्णालयानुसार न ठेवता राहत्या गावानुसार ठेवावी आणि ती तालुक्यात, नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याच्या हाती असावी. फुलसावंगीचा माणूस यवतमाळला जावो, सेवाग्रामला जावो की पैनगंगा ओलांडून नांदेडला, शस्त्रक्रिया करणाऱ्याने कोणता डोळा, कोणती तारीख, आधी किती दिसत होते आणि सोडताना किती दिसत होते, एवढी एक ओळ तालुक्याला पाठवावी. जिल्ह्याची हद्द कागदावर आहे, रुग्ण ती रोज ओलांडतो, म्हणून यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणांनी ही देवाणघेवाण आधी ठरवून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. वर्षातून एकदा, नावांशिवाय, हे आकडे ग्रामसभेत वाचले जावेत. पहिल्या वर्षी तीनच प्रश्न पुरेत: तालुक्यात दोन्ही डोळ्यांनी बोटे न दिसणारे किती जण आहेत आणि ते कोणत्या गावांत व तांड्यांवर आहेत, त्यांत बायका किती, आणि गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी कितींना आज चष्म्यासह ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसते. पुढच्या शिबिराची गाडी कोणत्या रस्त्याला वळवायची, हे या उत्तरांवरून ठरवता येईल.